एक नळी, एक बार

जलद बार काढणाऱ्या बंदुका सर्वत्र झाल्यापासून शिकारीतील एका जुन्या अडचणीचा लोकांना विसर पडला आहे. ही अडचण होती एकाच बाराची. ठासणीची बंदूक एकदा उडाली म्हणजे पुन्हा दारू मोजून ओतावी, चिंधीत गुंडाळलेली गोळी नळीच्या तोंडाशी बसवावी, गजाने ती तळापर्यंत ठासावी, टोपी चढवावी आणि मग नेम धरावा, एवढा सारा खटाटोप असे. सराईत हातालाही त्यास अर्धा मिनिट ते मिनिट लागे. रानडुकराला झाडीत नाहीसे व्हायला, किंवा जखमी वाघाला पन्नास पावले तोडून अंगावर यायला, इतका अवकाश लागत नाही. म्हणून एकनळी बंदूक बाळगणाऱ्याला आपला सर्व विचार बार उडण्यापूर्वीच पुरा करावा लागे. नळी केवढ्या तोंडाची असावी, तिच्यात पीळ किती असावा, गोळी गोल की लांबट, दारू किती, हे प्रश्न तो रानात सोडवू शकत नसे. ते घरीच सुटलेले असावे लागत.

वरवर पाहता हे प्रश्न चार दिसतात. वस्तुतः तो एकच प्रश्न आहे. नळी आणि बार यांची निवड वेगवेगळी करता येत नाही. एकीतील चूक दुसरीने भरून निघत नाही. एकोणिसाव्या शतकातील उत्तम बंदूककारांनाही ही गोष्ट पुरती उमगावयास बराच काळ लागला, आणि ती उमगण्यात मध्य हिंदुस्थानातील अरण्यांचा मोठा वाटा होता.

ही चूक किती महाग पडू शकते याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. १९०७ साली कुमाऊँमधील चंपावत येथे जिम कॉर्बेट यांनी एक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले होते. तिचा जबडा पाहिला तेव्हा उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. वरचा अर्ध्यावर, खालचा थेट हाडापर्यंत. ती जुन्या गोळीची जखम होती, आणि त्या जखमेमुळेच तिला आपले नेहमीचे भक्ष्य मारता येईनासे होऊन ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. सावज मरेल इतका नीट न लागलेला एक बार, आणि त्याची किंमत भरली ती बंदुकीशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा, गवत कापायला आणि जळण आणायला रानात गेलेल्या माणसांनी.

आता नळीकडे वळावे. इंग्लंडात नळीचे तोंड इंचांनी न मोजता शिशाच्या गोळ्यांनी मोजण्याची रीत होती. एक पौंड शुद्ध शिशातून त्या नळीत नेमक्या बसणाऱ्या जितक्या गोळ्या ओतता येतील, तितक्या 'बोअर'ची ती नळी. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरच्या नळीचा व्यास ०.७३ इंच आणि तिच्या गोळीचे वजन ५८३ ग्रेन, म्हणजे सुमारे ३८ ग्रॅम. बत्तीस बोअरच्या नळीचा व्यास साधारण अर्ध्या इंचाहून किंचित अधिक, गोळी २१९ ग्रेनांची. चार बोअरची नळी बत्तीस बोअरच्या बरोबर दुप्पट रुंद, परंतु तिची गोळी १७५० ग्रेनांची, म्हणजे आठपट जड.

या शेवटच्या हिशेबात गोल गोळीचे सगळे मर्म साठविलेले आहे. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते, पण हवेला अडणारे तिचे तोंड मात्र चौपटच होते. म्हणून मोठी गोळी आपला वेग अधिक काळ टिकवते आणि अधिक खोल जाते. लहान गोल गोळी नळीबाहेर कितीही वेगाने निघाली तरी शंभर यार्डांत तिचा पुष्कळसा वेग हवाच खाऊन टाकते. लांबट गोळीला व्यास न वाढवता वजन वाढविता येते. गोल गोळीला ही मुभा नाही. तिला जड व्हायचे तर रुंदच झाले पाहिजे. जुन्या शिकाऱ्यांच्या बंदुकी अजस्र तोंडाच्या का असत, याचे उत्तर हौसेत नाही, या गणितात आहे.

पण नळी रुंद घेतली म्हणजे काम भागले असे नाही. गुळगुळीत नळीतून निघालेली गोल गोळी साठ-सत्तर यार्डांच्या पुढे भरवशाची राहत नाही. ओतताना राहिलेला एखादा पोकळ बुडबुडा, ठासताना पडलेला एखादा चपटेपणा तिला एका अंगाला ओढतो. नळीत आतून पीळ पाडला म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत निघते आणि तिचे दोष एका बाजूला साचत नाहीत. प्रत्येक फेऱ्यागणिक ते सगळ्या बाजूंना वाटले जातात. इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४० नंतरच्या दशकात ही गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली होती. पीळ हवा यावर पुढे कोणाचा वाद राहिला नाही. वाद होता तो पीळ किती असावा याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुष्कळ बंदूककार शिकारी रायफलींनाही जलद पीळ देत. म्हणजे नळीच्या थोड्या इंचांतच खाचेचा एक फेरा पुरा होई. जितके फिरणे अधिक तितका नेम चोख, असा सरळ तर्क त्यामागे होता. निशाणीच्या मैदानावर, थोड्या दारूवर, तो खराही ठरे. परंतु शिकाऱ्याने दारू वाढविली की घोटाळा होई. मऊ शिशाची गोळी एवढ्या जोराने लोटली गेल्यावर तीव्र पिळाबरोबर वळू शकत नसे. चिंधी फाटे, आणि गोळी खाचा ओलांडून सरळच निघून जाई. अशी गोळी गुळगुळीत नळीतून सुटलेल्या गोळीहूनही बेभरवशाची. तेव्हा बंदूककार सांगत, दारू कमी करा. दारू कमी केली की नेम परत येई, आणि निशाणीच्या फळीसमोर सगळे ठीक वाटे.

फळीसमोर वाटे, रानात नव्हे. कारण नळीतून सुटलेली प्रत्येक गोळी सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते, आणि ती किती पडेल हे केवळ तिला लागलेल्या वेळावर ठरते. पाव सेकंदात ती एक फूट पडते. तृतीयांश सेकंदात सुमारे पावणेदोन फूट. अर्ध्या सेकंदात चार फूट. निशाणीच्या मैदानावर अंतर मोजलेले असते, म्हणून हा उतार माशी आणि मागची खाच बसवताना आधीच जमेस धरता येतो. रानातील अंतर कोणी मोजून ठेवलेले नसते. ओढ्यापलीकडचा सांबर ऐंशी यार्डांवर आहे की एकशेवीस, हे संध्याकाळच्या उजेडात अनुभवी डोळ्यालाही चकविते. जलद गोळीच्या बाबतीत ही चूक दोनचार इंचांची ठरते आणि गोळी छातीतच लागते. संथ गोळीच्या बाबतीत तीच चूक हातभर होते; गोळी पोटात किंवा पायात लागते, आणि ते जनावर मरायला दिवसच्या दिवस घेते.

हा प्रश्न नीट उलगडून दाखविणारा मनुष्य म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्सिथ. नागपूर ज्याची राजधानी होती तो मध्य प्रांत १८६१ मध्ये निर्माण झाला, आणि लवकरच फोर्सिथ यांच्याकडे तेथील अरण्यांच्या पाहणीचे काम आले. पचमढीच्या पठारावर त्यांनी १८६२ मध्ये बांधविलेले 'बायसन लॉज' अजून उभे आहे. त्यांचे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच, निघाले आणि ते आजही वाचले जाते. त्याआधी १८६३ मध्ये त्यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर एक पुस्तक लिहिले होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

फोर्सिथ यांनी बंदूककारांचा प्रश्नच उलटा केला. नेम चोख राहावा म्हणून दारू किती कमी करावी, असे न विचारता, सातपुड्याच्या झाडीत शंभर-दीडशे यार्डांपर्यंत गोळी जवळजवळ सरळ जावी एवढी दारू भरायची असेल तर पीळ किती मंद ठेवावा, असे त्यांनी विचारले. उत्तर असे निघाले की गोल गोळीला फिरणे फार थोडे पुरते. ती लांबट गोळीसारखी कोलांट्या खात नाही. तिचे दोष वाटले जाण्यापुरता एक सावकाश फेरा मिळाला की झाले. चौदा बोअरच्या, म्हणजे ५०० ग्रेनांची गोळी घेणाऱ्या नळीसाठी त्यांनी सुमारे आठ फूट आठ इंचांत एक फेरा इतका मंद पीळ योग्य मानला. अडीच फुटांची नळी धरली तर गोळी बाहेर पडेपर्यंत तिचा पाव फेरा जेमतेम पुरा होतो. इतक्या मंद पिळाला गोळी भरपूर दारूवरही खाच सोडीत नाही. नेम राहतो आणि वेगही राहतो.

नेमक्या त्याच काळात इंग्लंडात सर जोसेफ व्हिटवर्थ अगदी विरुद्ध टोकाला पोहोचले होते. त्यांची नळी ०.४५ इंचांची, षट्कोनी, आणि तिचा पीळ वीस इंचांत एक फेरा. गोळी लांबट, ५३० ग्रेनांची. १८५७ मध्ये हाइथ येथे सरकारी एनफील्ड रायफलीशी तिची तुलना झाली. पाचशे यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या. व्हिटवर्थच्या अवघ्या साडेचार इंच. एकाने आठ फुटांहून अधिक लांबीत एक फेरा सांगावा आणि दुसऱ्याने वीस इंचांत, आणि दोघांचेही खरे ठरावे, हे कसे?

या कोड्याचा उलगडा १८७९ मध्ये वूलिच येथील गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी एका ओळीच्या सूत्रात केला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला दीडशेने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. तितक्या इंचांत एक फेरा पुरे. गोल गोळीची लांबी म्हणजे तिचा व्यासच. तेव्हा ०.६९३ इंचांच्या चौदा बोअर गोळीसाठी उत्तर येते १०४ इंच, म्हणजे बरोबर आठ फूट आठ इंच. आणि व्यासाच्या तिपटीहून काहीशी लांब असलेल्या व्हिटवर्थच्या गोळीसाठी येते वीस ते बावीस इंच. फोर्सिथ यांनी जो आकडा रानातल्या अनुभवाने सोळा वर्षे आधी गाठला होता, तोच गणिताने नंतर दिला. दोन पिळांत श्रेष्ठकनिष्ठ काहीच नव्हते. प्रत्येक पीळ आपापल्या गोळीचा होता.

दारूचीही मर्यादा असते. काळी दारू नळीच्या ठरावीक लांबीत ठरावीक इतकीच जळू शकते. त्याहून अधिक भरली तर ती अर्धवट जळून ठिणग्यांच्या रूपाने बाहेर पडते. वेग फारसा वाढत नाही, धक्का मात्र वाढतो. धक्का सोसायचा तर बंदूक जड हवी. सर सॅम्युएल बेकर यांनी १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्ज यांच्याकडून एक एकनळी रायफल करवून घेतली आणि ती पुढे सिलोनमध्ये हत्तींच्या शिकारीस नेली. तिची नळी ३६ इंच लांब, गोळी तीन औंसांची, दारू सोळा ड्राम, म्हणजे एक पुरा औंस, आणि बंदुकीचे वजन २१ पौंड. गोळीने खाच सोडू नये म्हणून तिच्या कमरेभोवती शिशाचाच एक पट्टा ओतलेला असे आणि तो नळीतल्या दोन खोल खाचांत बसे. बेकर धिप्पाड गृहस्थ होते. सामान्य बांध्याचा मनुष्य असली बंदूक दिवसभर वाहून दमतो, आणि दमलेल्या हाताचा नेम हलतो. म्हणून धक्का, वजन आणि अंगबळ यांचा मेळ बसतो तेथेच नळीची निवड थांबवावी लागते. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्याला मोठी नळी उपयोगाची नाही.

पुढे मागून भरण्याच्या रायफली आल्या. १८६६ ची स्नायडर, १८७१ ची मार्टिनी-हेन्री, १८७२ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन फार्कुहारसन यांनी एकस्व घेतलेली खाली सरकणाऱ्या ठोकळ्याची रायफल, या सर्व एकबारी होत्या. काडतूस आल्याने भरणे चारपाच सेकंदांचे झाले, पण पहिल्या बाराचे महत्त्व कमी झाले नाही. आता चूक दुसऱ्या टोकाला झाली. 'एक्स्प्रेस' नावाने प्रसिद्ध झालेल्या रायफलींत हलकी, टोकाशी पोकळ गोळी आणि पुष्कळ दारू असे. उतार जवळजवळ नाहीसा झाला. हरिणांवर या रायफली उत्तम चालल्या. परंतु वाघाच्या किंवा गव्याच्या खांद्यावर तीच गोळी वरच्या स्नायूंतच फुटून तिचे तुकडे होत. जखम मोठी दिसे आणि खोल मात्र नसे. बेकर यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात पोकळ गोळीविरुद्ध निक्षून लिहिले. वाघासाठी त्यांनी ०.५७७ इंची नळी, शुद्ध मऊ शिशाची ६४८ ग्रेनांची भरीव गोळी आणि सहा ड्राम दारू सांगितली. गोळी पसरावी, पण तुटू नये, हा त्यांचा आग्रह होता. अंतराचा प्रश्न फोर्सिथ यांनी सोडविला होता; खोलीचा प्रश्न बेकर यांनी पुढे मांडला.

खेडोपाडी मात्र पीळ असलेली नळी कोणापाशी होती? तेथे चाले ती गुळगुळीत एकनळी, आणि तिच्यात बहुधा मोठे छरे. छऱ्यांचा मोह समजण्यासारखा आहे. दहा दाण्यांतला एखादा तरी लागेलच. पण छरे नळीबाहेर पडताच पांगू लागतात. वीस-पंचवीस पावलांवर ते एका मुठीसारखे लागतात. साठ पावलांवर एखादाच लागतो, आणि तो लहान, गोल, वेग गमावलेला दाणा खोल जात नाही. जेथे छरे चुकत नाहीत तेथेच ते मारतात. जेथे ते फक्त लागतात तेथे जनावर जखमी होऊन निघून जाते. अशा नळीत एकच गोळी भरणे अधिक बरे; मात्र तोंडाशी आवळलेल्या, म्हणजे 'चोक' असलेल्या नळीत ती त्या आवळणीतून सहज पार होईल एवढीच असली पाहिजे. ठोक बसणारी गोळी त्या नळीचेच तोंड फोडू शकते.

आज भारतात हा विषय शिकारीचा राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद झाली. कोकणातील काही घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक अजून आढळते, पण ती पिकाच्या रखवालीसाठी आहे. अमेरिकेत मात्र अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीचा वेगळा शिकारी हंगाम असतो, आणि तेथील ग्राहकापुढे दुकानात जुनाच प्रश्न उभा राहतो. अर्ध्या इंचाच्या नळीत गोल गोळी वापरायची असेल तर ६६ इंचांत एक फेरा. लांब गोळी वापरायची असेल तर २८ इंचांत. आणि दोन्ही वापरून पाहायच्या असतील तर ४८ इंचांचा मधला पीळ, जो दोन्हींना चालतो आणि दोन्हींना पुरता मानवत नाही. १९६७ मध्ये निघालेल्या थॉम्पसन सेंटर कंपनीच्या 'कंटेंडर' या एकबारी पिस्तुलाची तर नळीच बदलता येई. एकाच मुठीवर आज एक नळी, उद्या दुसरी. सोय मोठी झाली, पण प्रत्येक नळीला तिचा बार नव्याने शोधून द्यावा लागतो, हे त्या सोयीने बदलले नाही.

तो शोधण्याची रीतही जुनीच आहे. ठरलेल्या अंतरावर कागद लावावा, एकाच मापाच्या दारूचे पाच बार सोडावे, भोके किती जवळ पडली ते मोजावे. मग बनवणाराने सांगितलेल्या मर्यादेच्या आत थोडी दारू वाढवून पुन्हा पाच. एका मापापाशी भोके सर्वांत जवळ येतात आणि त्यापुढे ती पांगू लागतात. ते माप त्या नळीचे. मग अंतर वाढवीत जावे. ज्या अंतरावर पाचही गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत पडेनाशा होतात, ते अंतर त्या बंदुकीची आणि ती धरणाऱ्या हाताची सीमा. त्या सीमेपलीकडे उभ्या असलेल्या सावजावर बार न टाकता चाप तसाच सोडून देणे, हाही त्या निवडीचाच एक भाग होता. आणि ज्यांनी ही शिस्त पाळली त्यांच्यामागून जखमी जनावर गावाच्या शिवारात उतरल्याची हाकाटी सहसा उठली नाही.